दप्तर ते खंड : सातारा-सांगली परिसरातील ऐतिहासिक कागदपत्र-प्रकल्पांची व्याप्ती आणि गरजा

प्रास्ताविक

मराठ्यांच्या इतिहासावरील कोणताही प्रबंध उघडला असता तळटिपांमध्ये काही नावे पुन्हा पुन्हा आढळतात : राजवाडे, खरे, पारसनीस, वाड, सरदेसाई. पुढे खंडाचा आकडा आणि लेखांक असतो. अभ्यासक या तळटिपेला मूळ साधन म्हणतो व त्यात वावगे काही नाही. तथापि वस्तुतः ते साधन म्हणजे कोणीतरी एका दप्तरातून उचललेला, मोडीतून बाळबोधीत उतरविलेला, तारीख लावलेला आणि विशिष्ट क्रमाने मांडलेला कागद होय. उचलण्यापूर्वी त्या व्यक्तीने काय घ्यावयाचे व काय वगळावयाचे हे ठरविलेले असते. कधी स्पष्ट शब्दांत, तर कधी स्वतःच्याही नकळत. आजच्या प्रकल्पांच्या परिभाषेत याला व्याप्ती आणि गरजा निश्चित करणे असे म्हणतात. कागदपत्रांच्या कामात ही पायरी प्रास्ताविक व म्हणून दुय्यम समजली जाते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पुढील सर्व पायऱ्यांपेक्षा हीच पायरी अधिक काळ परिणाम करते, कारण छापील खंड एकदा हाती आले की बहुतेक अभ्यासकांच्या दृष्टीने मूळ दप्तराची जागा तेच घेतात.

या प्रतिपादनासाठी वाई, सातारा आणि मिरज ही तीन गावे निवडली आहेत. आजच्या सातारा व सांगली जिल्ह्यांतील या तीन ठिकाणी १८९७ नंतरच्या दोन-तीन दशकांत एकाच प्रकारच्या सामग्रीवर तीन वेगळ्या स्वभावाच्या माणसांनी काम केले. तिघांनी व्याप्तीच्या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरे दिली. ती उत्तरे आजही आपल्या ग्रंथालयांच्या फडताळांत उभी आहेत.

दप्तराची स्वतःची रचना

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. मराठेशाहीतील दप्तर म्हणजे कागदांचा ढीग नव्हता. पेशव्यांच्या काळात त्याला शिस्तबद्ध रचना आली. दैनंदिन नोंद रोजकीर्दीत होई. रोजकीर्दीतील बाबी निरनिराळ्या सदरांखाली वेगळ्या काढून घडणी तयार होई. त्यापुढे खतावणी, ताळेबंद व तर्जुमे असे कागद तयार होत. चालू कारभाराचे ते चालते दप्तर आणि हिशेब तपासून एकत्र ठेवण्याचे ते एलबेरीज दप्तर, असा भेद केला जाई. एकाच व्यवहाराचा कागद अशा रीतीने तीन-चार रूपांत आढळतो व प्रत्येक रूपामागे एक विशिष्ट प्रश्न असतो. आज काय घडले, हे रोजकीर्द सांगते. या बाबीवर एकूण काय खर्च झाला, हे घडणी सांगते. या महालातून काय यावयास हवे होते, हे तर्जुमा सांगतो. कागद कोणासाठी, कशासाठी व कोणत्या कागदावरून तयार करावयाचा, हे तेथील फडाला ठाऊक होते. कारकुनाला आपल्या कामाची व्याप्ती कोणी निबंध लिहून सांगत नव्हते. ती कागदाच्या नावातच असे.

१८१८ नंतर हे चित्र बदलले. दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि त्याच्याकडे पाहण्याचा प्रश्नही बदलला. साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांचे राज्य १८१९ च्या तहाने उभे राहिले, १८३९ मध्ये महाराज पदच्युत झाले आणि १८४८ मध्ये त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांच्या निधनानंतर डलहौसीने राज्य खालसा केले. त्यानंतरच्या वर्षांत १८५२ च्या कायद्याचे अधिष्ठान लाभलेल्या इनाम कमिशनने दक्षिणेतील इनामांची तपासणी आरंभिली. सरकारला दप्तराकडून एकच उत्तर हवे होते : अमुक इनाम खरे की खोटे? त्यासाठी जुने कागद गोळा झाले, त्यांचे रुमाल बांधले गेले, याद्या झाल्या. पुण्याच्या दप्तरखान्यात रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, पागा, पथके यांच्या जोडीला साताऱ्याचे शाहू दप्तर स्वतंत्र विभाग म्हणून नांदते, ते याच प्रक्रियेचे फलित होय. ज्या कमिशनने शेकडो कुटुंबांची इनामे संशयाच्या फेऱ्यात आणली, त्याच कमिशनच्या गरजेपोटी ते कागद एका छताखाली सुरक्षित राहिले, हा इतिहासातील एक विचित्र योगायोगच म्हणावा लागेल.

परंतु येथेच व्याप्तीचा पहिला परिणामही दिसतो. इनामाशी संबंध असलेला कागद महत्त्वाचा ठरला. सरदारांच्या व मुत्सद्द्यांच्या घरातील खाजगी पत्रव्यवहार या चौकटीत सहसा बसत नव्हता. तो मेणवलीस, धावडशीस, मिरजेस, तासगावास, वाड्यांच्या माळ्यावर पडून राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या परिसरात संशोधनाचे जे काम उभे राहिले, ते प्रामुख्याने अशा सरकारी चौकटीबाहेर राहिलेल्या कागदांवर.

वाई आणि सातारा : सर्व काही की निवडक?

या कामाची पूर्वपीठिका काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आदींच्या ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाने १८७८ ते १८८८ या दशकात तयार केली होती. त्यात काव्ये, बखरी व पत्रे एकत्र येत. वाचकांना जुने काही वाचावयास मिळावे, एवढीच त्याची व्याप्ती होती आणि त्या काळाला तेवढी पुरेशी होती.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. वाई येथे उपलब्ध झालेल्या कागदांवर तो उभा होता व त्यात १७५० ते १७६१ या कालखंडातील, म्हणजे पानिपतापर्यंतची पत्रे होती. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. राजवाड्यांची भूमिका टोकाची होती. लिहिलेले कोणतेही चिटोरे टाकाऊ नाही. ते जसे आहे तसे, मूळ लेखनपद्धतीसह छापले पाहिजे. निवड करण्याचा अधिकार आज कोणालाही नाही, कारण उद्याच्या अभ्यासकाला काय हवे असेल हे आज सांगता येत नाही. तत्त्व म्हणून याला उत्तर देणे कठीण आहे. व्यवहारात मात्र त्याचा अर्थ असा झाला की, व्याप्ती ठरविण्याचे काम योगायोगाकडे गेले. ज्या गावी राजवाडे पोहोचले, ज्या घरमालकाने पेटी उघडू दिली, ज्या वर्षी छपाईला पैसा मिळाला, त्यावर खंडांचा आशय अवलंबून राहिला. सर्व घ्यावे म्हणणाऱ्या प्रकल्पातही निवड होतेच. फक्त ती करणाऱ्याचे नाव कोठे लिहिलेले नसते. राजवाड्यांच्या दीर्घ प्रस्तावना या उणिवेची काहीशी भरपाई करतात. त्यातील सिद्धान्त वादग्रस्त असले, तरी कागदाची पारख कशी करावी याचे शिक्षण त्यांतून दोन पिढ्यांना मिळाले, हे मान्य केले पाहिजे.

साताऱ्याचे दत्तात्रय बळवंत पारसनीस यांची वाट निराळी. १८७० मध्ये जन्मलेले पारसनीस हे मूलतः संग्राहक व संपादक. मेणवली येथील नाना फडणविसांच्या दप्तरासह कागद, चित्रे, नकाशे, दुर्मिळ पुस्तके यांचा मोठा संग्रह त्यांनी जमविला आणि ‘भारतवर्ष’ व पुढे ‘इतिहाससंग्रह’ या मासिकांतून त्यातील निवडक सामग्री प्रसिद्ध केली. ‘दिल्ली येथील मराठ्यांची राजकारणे’ हे हिंगणे वकिलांच्या पत्रांचे संकलन त्यांचेच. चार्ल्स किंकेड यांच्यासह त्यांनी मराठ्यांचा इंग्रजी इतिहास तीन भागांत लिहिला. १९२५ मध्ये साताऱ्यास त्यांच्या संग्रहासाठी वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. पारसनिसांच्या प्रकाशनांची व्याप्ती विषयाने व वाचकाच्या रुचीने ठरत असे. प्रसिद्ध पुरुष, प्रसिद्ध प्रसंग, दरबारी पत्रे यांना अग्रस्थान मिळे. मासिकाचा वर्गणीदार टिकला पाहिजे ही गरजही त्यामागे होती व तिला हिणविण्याचे कारण नाही. तथापि पुष्कळदा कागद कोणत्या दप्तरातील, त्याच्या शेजारी कोणते कागद होते, तो मूळ आहे की नक्कल, हा तपशील वाचकाला पुरेसा मिळत नाही. संग्राहकाच्या दृष्टीने कागद ही एक स्वतंत्र मौल्यवान वस्तू असते; अभ्यासकाच्या दृष्टीने तो एका मालिकेतील दुवा असतो. १९३९ मध्ये हा संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजकडे गेला, म्हणून त्यातील बरेच दुवे आज पुन्हा जोडून पाहता येतात.

या दोन दृष्टींमधील अंतर एका स्थानिक उदाहरणात फार स्पष्ट दिसते. साताऱ्याजवळच्या धावडशी येथील ब्रह्मेंद्रस्वामी हे छत्रपती शाहू, पेशवे बाजीराव, आंग्रे अशा अनेकांचे गुरू. १७२७ मध्ये जंजिरेकर सिद्दीच्या अंमलदाराने चिपळूणजवळच्या परशुराम देवस्थानाचा विध्वंस केल्यानंतर स्वामी घाटावर आले व धावडशीस राहिले. तेथेच १७४५ मध्ये त्यांनी देह ठेवला. त्यांचा पत्रव्यवहार विपुल आहे. त्यात आशीर्वाद आहेत, राजकारणाच्या वार्ता आहेत, तसेच कर्जाऊ रकमांची मागणी व तगादेही आहेत. पारसनिसांनी १९०० मध्ये स्वामींचे चरित्र पत्रव्यवहारासह प्रसिद्ध केले. त्यातून स्वामी हे राष्ट्रकार्याचे प्रेरक म्हणून उभे राहतात. राजवाड्यांनी आपल्या तिसऱ्या खंडात याच व्यक्तीशी संबंधित कागद छापले आणि स्वामींच्या राजकीय थोरवीविषयी तीव्र शंका घेतली. वाद दोन मतांचा म्हणून गाजला. बारकाईने पाहिले असता तो दोन व्याप्तींचा वाद होता असे दिसते. चरित्र हा घाट स्वीकारला की पत्रे चरित्रनायकाभोवती फिरू लागतात. साधनखंड हा घाट स्वीकारला की कर्जाचा कागद आणि आशीर्वादाचा कागद एका रांगेत येतात. अठराव्या शतकातील सावकारी, देवस्थाने आणि सरदारांचे कर्जबाजारीपण यांवर आज काम करणाऱ्याला दुसरी रांग अधिक उपयोगी पडते. अर्थात त्या काळी हा विषय कोणाच्याच डोळ्यांसमोर नव्हता.

मिरज : वासुदेवशास्त्री खरे

तिन्हींपैकी सर्वाधिक विचारपूर्वक आखलेले काम मिरजेस झाले, असे प्रस्तुत लेखाचे मत आहे. वासुदेव वामन खरे यांचा जन्म १८५८ चा, कोकणात गुहागरचा. मिरजेच्या हायस्कुलात ते संस्कृतचे शिक्षक होते. ‘गुणोत्कर्ष’ नाटक, ‘यशवंतराय’ महाकाव्य आणि नाना फडणविसांचे चरित्र यांमुळे साहित्यिक म्हणून त्यांचे नाव झालेच होते. परंतु ज्या कामाने ते चिरस्मरणीय झाले, ते म्हणजे पटवर्धन दप्तरावर आधारलेला ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’. १८९७ मध्ये आरंभिलेल्या या कामाचे बारा खंड १९२४ मध्ये मिरजेस झालेल्या त्यांच्या निधनापर्यंत निघाले. त्यानंतरचे खंड त्यांच्या चिरंजीवांनी काढले. शाळेची नोकरी सांभाळून एका माणसाने सत्तावीस वर्षे चालविलेला हा उद्योग आहे. त्याची आखणी कशी होती, हे संग्रहाकडे पाहूनच समजून घ्यावे लागते.

पहिली मर्यादा दप्तराची. खऱ्यांनी महाराष्ट्रभर कागद शोधत हिंडण्याचे टाळले व एका घराण्याचे कागद धरले. हे घराणे कोणते, हेही महत्त्वाचे. थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीत पटवर्धनांना दक्षिणेत मोठा सरंजाम मिळाला आणि कर्नाटकातील हैदर व टिपू यांच्याविरुद्धच्या मोहिमांचा मोठा भार त्यांच्यावर पडला. १७७१ ची चिनकुरळीची लढाई, १७७७ च्या आरंभी सावशीची लढाई, जीत कोन्हेरराव पडले व पांडुरंगराव हैदराच्या कैदेत गेले, १७९२ चा श्रीरंगपट्टणचा वेढा, १७९५ ची खर्ड्याची मोहीम, या सर्वांत पटवर्धन होते. छावणीतून घरी, घरून छावणीत, पुण्यातील वकील व कारकुनांकडून मिरज-तासगावला, अशी पत्रे सतत धावत होती. एका घराण्याचे दप्तर घेतल्याने प्रश्न आणि उत्तर दोन्ही एकाच ठिकाणी सापडण्याची शक्यता वाढली. वरकरणी ही मर्यादा वाटते, पण संग्रहाचे बळ तीतच आहे.

दुसरी मर्यादा कागदाच्या प्रकाराची. लेखसंग्रहाचा गाभा पत्रव्यवहाराचा आहे. हिशेबी व वसुली कागद त्यात अपवादानेच येतात. तिसरी मर्यादा काळाची : प्रामुख्याने पानिपतानंतरचा काळ आणि त्यात कालानुक्रम. लेखांक खंडागणिक नव्याने सुरू न होता पुढे चालू राहतात. ही किरकोळ वाटणारी बाब किती उपकारक आहे, हे संदर्भ शोधण्यात दिवस घालविलेला कोणताही अभ्यासक सांगेल.

यापुढे प्रश्न गरजांचा. मोडी पत्र बाळबोधीत उतरविणे म्हणजे केवळ अक्षर बदलणे नव्हे. मोडीत शब्द सलग लिहिले जातात. कोठे तोडावयाचे ते वाचणाऱ्याने ठरवावयाचे असते. पत्रावर बहुधा ‘छ’ या खुणेपुढे मुसलमानी महिन्यातील चंद्र दिलेला असतो, वर्ष नसते. वर्ष असलेच तर ते शुहूर सनाचे व तेही अरबी संख्यावाचक शब्दांत. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर व हजार, अर्थात ११७१. त्यात ५९९ मिळविले की १७७० हे वर्ष येते. परंतु हा सन मृगापासून सुरू होत असल्याने पुढील जानेवारीपासून मृगापर्यंतच्या पत्राला ६०० मिळवावे लागतात, म्हणजे तेथे इसवी सन १७७१ धरावा लागतो. चिनकुरळीच्या मोहिमेची पत्रे याच सनात पडतात, तेव्हा येथे एका वर्षाची चूक म्हणजे लढाईपूर्वीचे पत्र लढाईनंतर जाणे. वर्ष मुळीच नसेल तर मजकुरातील घटनेवरून, किंवा पत्र पोचल्याची ‘पैवस्ती’ची नोंद पाठीमागे असेल तर तीवरून, काळ ठरवावा लागतो. पाठीमागची बाजू पाहिलीच पाहिजे, ही गरज आरंभी नोंदविली नाही तर नक्कल करणारा केवळ पुढील मजकूर उतरवून मोकळा होतो.

नावांचीही अडचण अशीच. घरगुती पत्रांत माणसे दादा, भाऊ, तात्या, आबा, रावसाहेब अशा संबोधनांनी वावरतात. एका पत्रातील ‘भाऊ’ म्हणजे परशुरामभाऊ आणि दुसऱ्यातील भाऊ म्हणजे भलताच कोणी असू शकतो. ‘तात्या’ म्हणजे कित्येकदा हरिपंत फडके असतात, पण नेहमीच नव्हे. घराण्याची वंशावळ, कारकुनांची नावे व हस्ताक्षरे ठाऊक असल्यावाचून पत्र वाचता येते, समजत नाही. खऱ्यांनी पत्रांच्या आधी त्या त्या प्रसंगाची हकीकत देण्याची पद्धत ठेवली, ती या गरजेतून. वाचकाला पत्रसमूहात शिरण्यापूर्वी कोण कोठे आहे, कोणाचे कोणाशी बिनसले आहे, हे कळते. जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकाराने खऱ्यांच्या कामाची मुक्तकंठाने प्रशंसा केली, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा आहे. संस्कृत शिकविणाऱ्या माणसाला मूळ संहिता व टीका यांची जोडी परिचित असणारच. ती सवय येथे कामी आली असावी.

खऱ्यांच्या व्याप्तीने काय गमावले, हेही सांगितले पाहिजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णाकाठच्या गावांतील पिके, धारा, वेठ, बलुतेदारांचे हक्क, बाजारभाव यांविषयी पटवर्धनांच्या जहागिरीतील हिशेबी कागदांतून जे समजू शकले असते, ते लेखसंग्रहात थोडेच आढळते. जे आढळते ते पत्रे घरगुती असल्यामुळे. लढाईची वार्ता लिहिणारा सरदार त्याच पत्रात वैरणीची महागाई, घोड्यांचे मरणे, घरच्या आजाऱ्याची चौकशी व लग्नाचा खर्च लिहितो. राजकारणासाठी निवडलेल्या पत्राबरोबर समाजजीवन असे चोरपावलांनी खंडात आले आहे. आज या ओळी वेचून अभ्यासक निबंध लिहितात. परंतु वेचलेल्या ओळींवरून भावांची मालिका तयार होत नाही, त्यासाठी हिशेबाचा सलग कागदच लागतो.

दोन सरकारमान्य नमुने

तुलनेसाठी पुण्यातील दोन प्रकल्पांचा उल्लेख आवश्यक आहे. त्यांची सामग्री अंशतः साताऱ्याचीच होती. गणेश चिमणाजी वाड यांनी सरकारी परवानगीने पेशवे दप्तरातून सातारकर महाराज व पेशवे यांच्या रोजनिशींतील उतारे काढले. ते विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात डेक्कन व्हर्नाक्युलर ट्रान्सलेशन सोसायटीने क्रमाने छापले. न्यायमूर्ती रानडे यांनी त्यांना उद्देशून लिहिलेली प्रस्तावना १९०० मध्ये मुंबईच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या शाखेपुढे वाचली गेली. लढायांचा इतिहास पुष्कळ झाला, राज्याची घडण, वसूल, न्याय, समाजव्यवहार यांचा इतिहास रोजनिशीत आहे, ही रानड्यांची दृष्टी होती. त्यानुसार वाडांच्या उताऱ्यांत प्रत्येक कारकिर्दीखाली मुलकी, न्याय, किल्ले अशी प्रकरणे पाडलेली आहेत. गंमत अशी की, रोजकिर्दीतून सदरवार बाबी वेगळ्या काढण्याची ही रीत म्हणजे पेशव्यांच्या फडातील घडणीचीच नवी आवृत्ती होय! फरक एवढाच की, फडात घडणीसोबत रोजकीर्द शेजारीच असे. वाडांच्या वाचकाला एकाच दिवशी लिहिलेल्या दोन नोंदी शेजारी शेजारी कधी दिसत नाहीत.

गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली मुंबई सरकारने १९३० नंतर प्रसिद्ध केलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड हा दुसरा नमुना. येथे मुदत, पैसा व मनुष्यबळ यांची मर्यादा आरंभीच आखलेली होती आणि हजारो रुमालांतून राजकीय महत्त्वाचे कागद निवडावयाचे होते. अवघ्या चार-पाच वर्षांत काम पूर्ण झाले, याचे श्रेय त्या काटेकोर आखणीला दिले पाहिजे. परंतु याच यशामुळे उर्वरित दप्तरात आता पाहण्यासारखे फारसे नाही, असा एक समज दीर्घकाळ बळावला. तो निराधार होता, हे महसूल व जातिसंस्था यांवर पुढे झालेल्या कामाने दाखवून दिले.

आजच्या कामाची आखणी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडी व्यवहारातून गेली. आता तिचे वर्ग निघतात, प्रमाणपत्रे मिळतात, व कागदांचे संगणकीय चित्रण स्वस्त झाले आहे. महाविद्यालयांचे इतिहास विभागही असे लहान-मोठे प्रकल्प हाती घेतात. चित्रण स्वस्त असल्याने राजवाड्यांचे स्वप्न साकार झाले, सर्व काही घेता येते, मग व्याप्ती ठरविण्याचा खटाटोप कशाला, असा प्रश्न यावर विचारला जातो. अनुभव उलट आहे. दहा हजार चित्रे ज्या तबकडीत केवळ क्रमांकाने साठविली आहेत, ती तबकडी माळ्यावरच्या पेटीहून फारशी वेगळी नाही. निवडीचा प्रश्न चित्रणापासून वर्णनाकडे सरकला आहे, एवढेच. कोणत्या कागदाची सूची प्रथम करावयाची, सूचीत कोणत्या बाबी नोंदवावयाच्या, मूळ सन व परिवर्तित सन दोन्ही ठेवावयाचे की एकच, संबोधनापुढे ओळख पटलेले नाव कोणत्या आधारावर लिहावयाचे, ‘पैवस्ती’ची बाजू स्वतंत्र चित्र धरावयाची की त्याच कागदाचा भाग, कागद ज्या रुमालात व ज्या क्रमाने सापडला तो क्रम कोठे नोंदवावयाचा, हे निर्णय पहिल्या दिवशी झाले नाहीत तर ते प्रत्येक नोंद करणारा आपापल्या समजुतीने करतो आणि वर्षाअखेरीस सूची जुळत नाही.

या संदर्भात वाईचेच एक अलीकडचे उदाहरण बोलके आहे. मराठी विश्वकोशाचे काम तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस सुरू झाले, तेव्हा अकारविल्हे पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याआधी, १९७३ मध्ये, क्रमाने अठरावा असलेला परिभाषासंग्रह छापून झाला होता. कोणत्या संकल्पनेला कोणता शब्द, हे ठरल्याखेरीज शेकडो लेखकांच्या नोंदी एका भाषेत येणार नाहीत, हे संपादकांनी ओळखले होते. दप्तरसूचीलाही अशी परिभाषा लागते. एकाच प्रकारच्या कागदाला एकाने ‘याद’, दुसऱ्याने ‘यादी’, तिसऱ्याने ‘टिपण’ म्हटले की संगणकाच्या दृष्टीने ते तीन कागदप्रकार होतात.

व्याप्ती ठरविण्यात एक आणखी पक्ष असतो, तो म्हणजे कागदाचा मालक. खाजगी घरातील दप्तरात वतनाचे, वाटणीचे, कर्जाचे कागद असतात आणि इनाम कमिशनची आठवण अनेक घराण्यांत पिढीजात आहे. कागद बाहेर गेला की जमीन जाते, ही भीती हास्यास्पद नाही. ती एकदा खरी ठरली होती. कोणते कागद केवळ चित्रित करावयाचे, कोणते प्रसिद्ध करावयाचे व कोणते घरातच राहू द्यावयाचे, हे मालकाशी बोलून लेखी ठरविले तर दरवाजा उघडतो. खऱ्यांना मिरजेत राहूनच काम करता आले, याचे मोल येथे कळते. रोज भेटणाऱ्या शास्त्रीबुवांना दप्तर दाखविणे आणि एक दिवस यंत्रे घेऊन आलेल्या अपरिचितांना दाखविणे यांत फरक आहे.

वेळेचा प्रश्न तर सर्वांत कठीण. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी कृष्णेच्या महापुराने सांगली शहर व नदीकाठची गावे वेढली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणीपातळी ५७ फुटांवर गेली आणि घरे, दुकाने, कार्यालये यांबरोबर ग्रंथालयांचेही नुकसान झाले. भिजलेला हातकागद जपून वाळविला तर वाचू शकतो, पण त्यासाठी तो पाण्यातून वेळेवर बाहेर यावा लागतो. पाणी उंबऱ्याशी येते तेव्हा घरात चार माणसे असतात आणि रुमाल पन्नास असतात. ज्या घरी सूची झालेली आहे, तेथे कोणते सात-आठ रुमाल प्रथम वरच्या मजल्यावर न्यावयाचे, हे घरातील मुलगाही सांगू शकतो. जेथे ती नाही, तेथे वरचा रुमाल आधी उचलला जातो व तळाचा पाण्यात राहतो, आणि जुने कागद बहुधा तळाशी असतात.